लिंटरचा नियम पाळण्याआधी त्याचं कारण बघा

पायथनच्या जुन्या कोडवर फ्लेक८ किंवा रफ हा लिंटर (कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं साधन) चालवला की 'ई७२२' ही तक्रार हमखास येते: एरर झेलणाऱ्या एक्सेप्टच्या पुढे कोणत्याही एररचं नाव नाही. ती घालवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे `एक्सेप्ट:` खोडून `एक्सेप्ट एक्सेप्शन:` लिहायचं आणि खालचा `पास`, म्हणजे 'काहीच करू नको', तसाच ठेवायचा. सीआय (कोड पाठवल्यावर आपोआप चालणारी तपासणी) हिरवं होतं, पुल रिक्वेस्ट मर्ज होते. नियम पाळला गेला, पण तो ज्यासाठी केला होता ते अर्धंच साधलं.

नाव नसलेला एक्सेप्ट बेसएक्सेप्शनच्या, म्हणजे सगळ्या एररच्या मूळ क्लासच्या, खालचं सगळं गिळतो. त्यात कीबोर्डइंटरप्ट येतो, म्हणजे कंट्रोल-सी दाबूनही प्रोग्रॅम थांबत नाही. सिस्टिमएक्झिट येतो, म्हणजे ट्रायच्या आतून केलेला `सिस.एक्झिट()` हा कॉल वाया जातो. पायथन ३.८ पासून असिंकआयओचा कॅन्सल्डएररही थेट बेसएक्सेप्शनखाली गेला, त्यामुळे असिंक कोडमध्ये असा उघडा एक्सेप्ट असेल तर टास्क रद्द करायला गेलं तरी तो रद्द होत नाही. `एक्सेप्शन` लिहिल्यावर हे तिन्ही सुटतात, हे खरं. पण चुकीचं टाइप केलेलं व्हेरिएबलचं नाव, डिक्शनरीत नसलेली की, तुटलेलं नेटवर्क हे सगळं त्या `पास`मध्ये पूर्वीसारखंच बुडतं. दुरुस्ती करायचीच तर ट्रायच्या आत फसू शकणारी तेवढीच ओळ ठेवावी आणि तिच्यातून येऊ शकणाऱ्या एररचं नाव घ्यावं: `इंट()`साठी व्हॅल्यूएरर, `ओपन()`साठी फाइलनॉटफाउंडएरर. बीएलई००१ (सरसकट एक्सेप्शन पकडणं) आणि एस११० (एक्सेप्टखाली नुसता पास) हे नियम नेमकी ही पळवाट पकडतात, पण ते आपणहून चालू करावे लागतात.

लिंटरच्या सगळ्या तक्रारी एकाच रंगात, एकाच साच्यात येतात. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा आणि एका ग्राहकाचा डेटा दुसऱ्याला दिसेल अशी चूक, दोन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. काय बदला ते लिहिलेलं असतं, का बदला ते नसतं. पण नियम पाळायचा, त्या ओळीपुरता गप्प करायचा की प्रकल्पातून काढूनच टाकायचा, हे फक्त कारणावरून ठरवता येतं. म्हणून टीममध्ये लिंटर आणणाऱ्याने प्रत्येक नियमाचं कारण सांगता यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ज्याचं कारण सांगता येत नाही, तो नियम बंद ठेवलेला बरा.

दोन घराण्यांचे नियम

मूळ 'लिंट' हा प्रोग्रॅम बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेसाठी लिहिला. कंपायलरला चालणारी, पण माणसाला संशयास्पद वाटावी अशी वाक्यरचना शोधणं हे त्याचं काम. मांडणीशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. पायथनमध्ये मांडणीची बाजू वेगळ्या वाटेने आली. २००१ मध्ये पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम आणि सहकाऱ्यांनी पेप ८ हा शैलीचा दस्तऐवज लिहिला. पुढे तो तपासणारं साधन निघालं, त्याचंही नाव 'पेप८'च होतं. लोक साधनाच्या तक्रारीलाच दस्तऐवज समजू लागले, तेव्हा खुद्द गिदोंनी नाव बदलायची विनंती केली आणि २०१६ मध्ये ते 'पायकोडस्टाइल' झालं. पेप ८ च्या सुरुवातीलाच सांगितलेलं आहे की नियम पाळल्याने कोड वाचायला अवघड होत असेल तर तो पाळू नका. साधनाला हे वाक्य कळत नाही.

फ्लेक८ने ही दोन्ही घराणी एका छताखाली आणली आणि रफने तीच अक्षरं पुढे चालवली. त्यामुळे कोडचं पहिलं अक्षर बरंच काही सांगतं. एफ म्हणजे पायफ्लेक्स या चुका शोधणाऱ्या साधनाकडून आलेला: नाव माहीत नाही, इम्पोर्ट वापरला नाही, म्हणजे बहुधा खरी चूक. ई आणि डब्ल्यू पायकोडस्टाइलचे, आणि त्यातही ई१ ते ई३ निव्वळ मांडणीचे, ई७ वाक्यांबद्दलचे, ई९ म्हणजे फाइल वाचताच आली नाही. बी हे फ्लेक८ला जोडायच्या बगबेअरचे, म्हणजे चालतं पण बहुधा तुम्हाला हवं ते करत नाही. रफने डीफॉल्ट सेटिंगमध्ये एफ, ई४, ई७ आणि ई९ एवढेच गट चालू ठेवले. मांडणी फॉरमॅटरने (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनाने) सांभाळायची, ही त्यामागची भूमिका, आणि ती योग्यच आहे.

जे नियम खरोखर चुका वाचवतात

बी००६ घ्या. फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी यादी डीफॉल्ट म्हणून देऊ नका, असं तो सांगतो. `डेफ नोंदव(नाव, यादी=[])` यातला तो चौकोनी कंस फंक्शन कॉल होताना नव्हे, तर व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच तयार होतो. पुढचा प्रत्येक कॉल तीच यादी वापरतो. स्क्रिप्ट एकदा चालून संपत असेल तर काही बिघडत नाही, म्हणून हा दोष अनेक महिने लपून राहतो. वेब सर्व्हरची प्रोसेस मात्र दिवसेंदिवस जिवंत असते, आणि मग एका रिक्वेस्टमधली नावं दुसऱ्या रिक्वेस्टच्या उत्तरात दिसतात. टेस्टमध्ये त्याचं लक्षण वेगळं असतं: एकेकटी चालवली तर प्रत्येक टेस्ट पास, सगळ्या मिळून चालवल्या तर दुसरी फेल.

दुरुस्ती म्हणजे डीफॉल्ट `नन` ठेवायचा आणि आत `इफ यादी इज नन` तपासून नवी यादी करायची. इथे एक शॉर्टकट सर्रास दिसतो: `यादी = यादी ऑर []`. तो टाळा. रिकामी यादी पायथनच्या लेखी खोटी ठरते. कॉल करणाऱ्याने स्वतःची रिकामी यादी भरून घ्यायला दिली असेल, तर ती बाजूला पडते आणि तुम्ही भलतीच यादी भरता. त्याच्या हातात शेवटी रिकामीच राहते. लिंटर या ओळीवर खूश असतो.

याचाच भाऊ बी००८: डीफॉल्टच्या जागी फंक्शन कॉल नको. `डेटटाइम.नाउ()` तिथे लिहिलं तर सर्व्हर सुरू झाल्याची वेळ कायमची चिकटते. पण फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कमध्ये `डिपेंड्स(...)` डीफॉल्टच्या जागीच लिहायची पद्धत आहे आणि तिथे एकदाच तयार होणं अपेक्षितच आहे. कारण माहीत असलेला माणूस संपूर्ण नियम बंद करत नाही. लिंटरच्या सेटिंगमध्ये एवढाच कॉल चालतो असं नोंदवतो आणि बाकीच्या ठिकाणचं संरक्षण टिकवतो.

ई७११ आणि ई७१२ यांच्याबाबत उलटं होतं. `== नन` लिहू नका, `इज नन` लिहा; ई७१२ `== ट्रू`बद्दल तक्रार करतो. कारण `==` हा प्रत्यक्षात त्या वस्तूच्या क्लासने ठरवलेल्या मेथडला कॉल असतो, आणि तो क्लास काहीही उत्तर देऊ शकतो; `इज` फक्त ओळख तपासतो. साध्या कोडमध्ये हे शंभर टक्के बरोबर. पण एसक्यूएलअल्केमी या डेटाबेसच्या लायब्ररीच्या क्वेरीत `ग्राहक.ईमेल == नन` याचा अर्थच 'इज नल' असं एसक्यूएल तयार करा, असा आहे. तिथे कुणी लिंटरचं ऐकून `इज नन` केलं, तर क्वेरी बनण्याआधीच पायथन त्याचं उत्तर फॉल्स देतो, आणि अट म्हणून तो फॉल्सच पुढे जातो. एरर नाही, ओळी मात्र शून्य. पांडाज या तक्त्यांच्या डेटाच्या लायब्ररीत `डीएफ[डीएफ["सक्रिय"] == ट्रू]` याचं `इज ट्रू` केलं तर आतला भाग एकटा फॉल्स होतो आणि त्या नावाचा कॉलम शोधला जाऊन कीएरर येतो. म्हणूनच रफ या दुरुस्त्यांना असुरक्षित मानतो आणि वेगळा पर्याय दिल्याशिवाय आपणहून करत नाही. एसक्यूएलअल्केमीत `.इज_(नन)` ही मेथड वापरली की दोघेही समाधानी. पांडाजमध्ये बूलियन कॉलम असेल तर `== ट्रू` लिहायची गरजच नसते.

एफ४०१, म्हणजे न वापरलेला इम्पोर्ट, वरवर सगळ्यात निरुपद्रवी वाटतो. नको असलेला इम्पोर्ट सुरुवातीचा वेळ खातो, चक्राकार इम्पोर्टची शक्यता वाढवतो आणि वाचणाऱ्याला खोटं सांगतो की हे मॉड्यूल इथे लागतं. पण काही इम्पोर्ट नावासाठी नसून परिणामासाठी असतात. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये अॅपच्या `रेडी()` मेथडमध्ये सिग्नल्सचं मॉड्यूल इम्पोर्ट करतात, ते एवढ्यासाठी की त्यातले रिसीव्हर नोंदले जावेत. ते नाव पुढे कुठेच वापरलेलं नसतं. स्वयंचलित दुरुस्ती ती ओळ काढून टाकते, अॅप व्यवस्थित सुरू होतं, आणि नवीन युजर तयार झाल्यावर जाणारा ईमेल जायचा बंद होतो. अशा ओळीपुढे नोक्यूए (त्या ओळीवरची तक्रार गप्प करणारी कॉमेंट) लिहून त्याच कॉमेंटमध्ये 'सिग्नल रिसीव्हर नोंदवण्यासाठी' हे तीन शब्द लिहिणं एवढाच उपाय आहे. पॅकेजच्या `इनिट` फाइलमध्ये बाहेर देण्यासाठी आणलेली नावं असतील तर ती `ऑल` यादीत लिहावीत; मग लिंटरलाही कळतं आणि माणसालाही.

भारतात चालणाऱ्या प्रणालींसाठी मला सर्वांत मोलाचा वाटतो तो डीटीझेड००५. `डेटटाइम.नाउ()` टाइमझोन न देता वापरू नका, असं तो म्हणतो, आणि बहुतेक जण त्याला कटकट समजून बंद करतात. क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरची तारीख आपल्यापेक्षा एक दिवस मागे असते. १ एप्रिलच्या पहाटे ३ वाजता केलेलं बिल सर्व्हरच्या लेखी ३१ मार्चचं ठरतं, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षात जातं. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो. दुरुस्ती: `झोनइन्फो("एशिया/कोलकाता")` देऊन वेळ घ्यायची. हे मॉड्यूल पायथन ३.९ पासून सोबतच येतं. विंडोजवर मात्र टीझेडडेटा हे पॅकेज बसवावं लागतं. आणि हे एका ओळीत बदलून थांबू नका. टाइमझोन असलेली आणि नसलेली वेळ लहान-मोठी ताडून पाहिली तर टाइपएरर येतो, ते बरंच; पण `==` लावलं तर काहीही न बोलता फॉल्स मिळतं. एका मॉड्यूलमधल्या सगळ्या वेळा एकदम बदलाव्यात.

डब्ल्यू६०५ थोडक्यात: साध्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशच्या पुढे डी लिहिला तर रेगेक्स (मजकुरातला साचा शोधणारी स्ट्रिंग) चालतो, कारण पायथनला तो क्रम माहीत नाही आणि तो जसाच्या तसा सोडतो. पण बॅकस्लॅश बी त्याला माहीत आहे. तो बॅकस्पेसचं अक्षर बनतो, आणि शब्दाची सीमा शोधणारा रेगेक्स काहीच शोधत नाही. रेगेक्सच्या स्ट्रिंगआधी आर लावायची सवय याच्यासाठी. पायथन ३.१२ पासून अनोळखी क्रमांवर सिंटॅक्सवॉर्निंगही येते.

डिफ स्वच्छ राहावा म्हणून

दुसऱ्या प्रकारचे नियम प्रोग्रॅम चालण्याशी संबंधित नसतात, रिव्ह्यूशी असतात. ओळीच्या शेवटची मोकळी जागा, फाइलच्या शेवटी नवी ओळ, इम्पोर्टचा क्रम, यादीतल्या शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम. या सगळ्यांचं कारण एकच: एक गोष्ट बदलली तर डिफमध्ये (जुन्या-नव्या कोडमधल्या फरकात) एकच ओळ दिसावी.

शेवटचा स्वल्पविराम नसेल तर यादीत एक घटक वाढवताना आधीच्या ओळीलाही हात लावावा लागतो; डिफमध्ये दोन ओळी, गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) भलत्याच माणसाचं नाव. त्याहून वाईट म्हणजे तो आधीचा स्वल्पविराम द्यायचा विसरला तर पायथन शेजारच्या दोन स्ट्रिंग मुकाट्याने जोडतो. `"पुणे"` आणि `"नाशिक"` यांच्यात स्वल्पविराम राहिला की यादीत 'पुणेनाशिक' हा एकच घटक उरतो. एका शैलीच्या नियमात खरी चूकही दडलेली असते, ती अशी.

फाइलच्या शेवटच्या नव्या ओळीचं कारण अनेकांना माहीत नसतं. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाच्या व्याख्येनुसार ओळ म्हणजे शेवटी न्यूलाइन असलेला मजकूर. ती नसेल तर `डब्ल्यूसी -एल` एक ओळ कमी मोजतं, शेलमधला `व्हाइल रीड` शेवटची ओळ गाळतो, आणि `कॅट`ने दोन फाइली जोडल्या तर पहिलीची शेवटची आणि दुसरीची पहिली ओळ एकमेकींना चिकटतात.

ओळीची लांबी आणि देवनागरी

ई५०१ वर जितके वाद झाले तितके क्वचितच दुसऱ्या नियमावर झाले असतील. पेप ८ कोडसाठी ७९ आणि कॉमेंट व डॉकस्ट्रिंगसाठी ७२ अक्षरं सांगतं. टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जायची मुभा देतं. ८० चा आकडा पंच कार्ड आणि जुन्या टर्मिनलमधून आला, पण आज त्याचं कारण ते नाही. दोन फाइली शेजारी शेजारी उघडून बघता याव्यात आणि रिव्ह्यूच्या साधनात ओळ मोडू नये, हे आजचं कारण. ब्लॅक हा फॉरमॅटर ८८ धरतो, म्हणजे ८० पेक्षा दहा टक्के जास्त, कारण तेवढ्या सैलपणाने फाइली लक्षणीय आखूड होतात.

मराठीत कॉमेंट किंवा संदेश लिहिणाऱ्यांना इथे वेगळीच अडचण येते. पायकोडस्टाइल ओळीतले युनिकोड कोडपॉइंट मोजतं. 'शिष्यवृत्ती' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरं दिसतात; पायथनची लांबी ११ येते, कारण मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. त्यामुळे पडद्यावर बऱ्यापैकी आखूड दिसणारी मराठी ओळही ७९ ओलांडते. नियमाचं कारण पडद्यावरची रुंदी हे आहे. मोजमाप त्या कारणाशी जुळत नसेल तर मोजमाप बाजूला ठेवायचं. मराठी मजकूर असलेल्या फाइलींची नावं 'पर-फाइल-इग्नोअर्स' या सेटिंगमध्ये ई५०१ साठी लिहा, पूर्ण प्रकल्पासाठी मर्यादा १५० करू नका.

ज्यांना कारण फक्त एकवाक्यता

एकेरी अवतरण की दुहेरी, ऑपरेटर ओळीच्या शेवटी की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, यावर भांडण्यासारखं काहीही नाही. डब्ल्यू५०३ आणि डब्ल्यू५०४ हे दोन नियम एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत, आणि पायकोडस्टाइल डीफॉल्ट सेटिंगमध्ये दोन्ही बंद ठेवतं. पेप ८ ने स्वतःच २०१६ मध्ये शिफारस बदलून ऑपरेटर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला घ्या असं म्हटलं. हे सगळं फॉरमॅटरच्या हवाली करा आणि लिंटरमध्ये बंद करा. दोघांनाही अधिकार दिला तर भांडण होतंच: ब्लॅक गुंतागुंतीच्या स्लाइसमधल्या (यादीचा तुकडा घेणाऱ्या कंसातल्या) कोलनच्या दोन्ही बाजूंना जागा सोडतो, ते पेप ८ ला धरूनच आहे, पण ई२०३ त्यावर तक्रार करतो.

सी९०१ हा गुंतागुंतीचा नियम मात्र या प्रकारात ढकलू नका. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेलं हे माप फंक्शनमधल्या स्वतंत्र वाटा मोजतं, म्हणजे साधारणपणे किती टेस्ट लागतील ते. रफमध्ये मर्यादा १० आहे. आकडा ओलांडला म्हणून फंक्शन मधोमध कापून दोन तुकड्यांत सात-सात पॅरामीटर फिरवले तर आकडा खाली येतो आणि वाचणं अवघड होतं. बारा सरळ अटींची शिडी तशीच राहिलेली चालते. एकात एक चार पातळ्यांचे लूप असतील तर आकडा ९ असला तरी तोडा.

कारण लिहायचं कुठे

रफमध्ये `रफ रूल ई७११` असा कमांड दिला की तो नियम काय करतो, ते का वाईट, उदाहरण आणि दुरुस्ती किती सुरक्षित, हे सगळं टर्मिनलवर येतं. तक्रार आली की आधी हे वाचण्याची सवय टीमला लावा. मग `पायप्रोजेक्ट.टॉमल`मध्ये चालू किंवा बंद केलेल्या प्रत्येक गटाशेजारी एका ओळीची कॉमेंट लिहा: 'डीटीझेड: सर्व्हर यूटीसीवर आहे', 'ई५०१ बंद: संदेशांच्या फाइली मराठीत'. नव्या माणसाने नियम काढायचा प्रस्ताव आणला तर वाद त्या ओळीवर होऊ शकतो, आणि ती ओळ कालबाह्य झाली असेल तर नियम काढताही येतो. नुसता `नोक्यूए` लिहायला बंदी घाला. त्याने त्या ओळीवरची आजची आणि उद्याचीही प्रत्येक तक्रार गप्प होते. नियमाचा कोड आणि कारण दोन्ही हवं. पीजीएच००४ हा नियम उघडा नोक्यूए पकडतो.

जुन्या रेपोत हे सगळं एकदम चालू केलं तर हजारो तक्रारी येतात आणि लोक पूर्ण साधनच बंद करतात. आधी फक्त फॉरमॅटर चालवून त्याचा एकच वेगळा कमिट करा. तो मुख्य ब्रँचवर गेल्यानंतरचा हॅश (कमिटची ओळखखूण) `.गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ज` या फाइलमध्ये लिहा, म्हणजे गिट ब्लेम तो कमिट वगळतं. स्क्वॉश करून मर्ज केलं तर हॅश बदलतो, म्हणून तो मर्जनंतरच घ्यायचा. गिट २.२३ पासून `ब्लेम.इग्नोअररेव्जफाइल` ही सेटिंग आहे, ती प्रत्येकाने आपल्या मशीनवर एकदा करावी लागते. नंतर एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच गट चालू करा, पहिला एफ, मग बी. जुन्या ओळींवर `--अॅड-नोक्यूए` ने कोडसह खुणा टाकता येतात, म्हणजे नवीन चुका लगेच अडतात आणि जुन्या सावकाश निस्तरता येतात. आरयूएफ१०० चालू ठेवला की दुरुस्त झालेल्या ओळीवर उरलेली खूण तोच दाखवून देतो. साधनाची आवृत्ती प्री-कमिटमध्ये आणि सीआयमध्ये एकच, पक्की बांधलेली असावी. नवीन आवृत्तीत नियम वाढतात, आणि मग कुणी काहीही न बदलता सोमवारी सकाळी बिल्ड लाल दिसतं.